घिनोचीजवळचा डोकरा

बाजारात वांगे घ्याले गेलेला माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव विचारत जाते, वांगं दाबून पाहते, पुढं याहून चांगलं असन म्हणते, अन परत फिरते तं वांगेवाली पोतं झटकून जीपमध्ये बसलेली राहते. असा माणूस तुमी पाह्यला नसन. मी त्याच्या घरात भाड्यानं राह्यलो.

वडश्याले, रेल्वे लाइनच्या पलीकडे त्याचं घर. पुढच्या खोल्यांत मी अन माही बायको, मागच्या खोल्यांत हा घरमालक. टेलिफोनच्या खांबावर चढून चढून म्हातारा झालेला, बिनलग्नाचा. मी राइस मिलमध्ये पोते उचलून म्हातारा झालेला. गल्लीतले लोक त्याले येडा म्हणत. मी बी म्हणो, तोंडावर म्हणो. तो हासे. म्हणे, "येडा तं आहोच जी. पण घाईचा येडा नाई."

लग्न काऊन नाई केलं, असं माह्या बायकोनं त्याले पहिल्याच हप्त्यात विचारलं. तिची रीतच तशी. आधी विचारे, मंग चहा दे.

तो म्हणे, "बाई, पोरगी पाह्यली होती. चांगली होती. म्हटलं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत थांबू, तोवर अजून एखादी दिसन."

"मंग?"

"मंग काय. मंडईत दिसली ना. तेच दिसली. नवऱ्यासंग जिलबी खाऊन राह्यली होती."

बायको अशी हासली का बशीतला चहा त्याच्या पायजम्यावर गेला. तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

आता डोकऱ्याचं सांगतो. घरमालकाच्या सैपाकघरात घिनोची होती, म्हणजे पाण्याचे माठ अन पितळेचे गुंड ठेवाची जागा. घरातली सगळ्यात थंड जागा तेच. तिच्या बाजूले पाटावर एक लोखंडी पेटी ठेवलेली. आत पंखा घुरघुरते, पुढं दिवे लुकलुकतात. बायकोनं विचारलं, "भाऊ, हे काय व्हय जी?"

"सर्वर आहे बाई."

"म्हंजे?"

"पंगतीत वाढपी राहते ना? तुमी ताट घेऊन बसा, तो कोठीतून भात आणते, वरण आणते. तुमी उठाचं नाई. तसा हा. याच्या पोटात सगळं भरून ठेवलं आहे. तुमी मागा, हा वाढते."

"वाढपी आहे तं घुरघुरते काऊन?"

"म्हातारा झाला ना."

मंग त्या पेटीचं नाव डोकराच पडलं. अन डोकऱ्याच्या पोटात काय होतं? नाटकं. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं का नाटक कंपन्यांच्या गाड्या वडश्याहून गावोगाव निघतात. हा माणूस हिवाळाभर त्यांच्या मांगं फिरे. तिपाई लावे, कॅमेऱ्याले दव लागू नये म्हणून कानटोपी घाले, अन स्वतः उघड्या डोक्यानं शिंकत बसे. कंपनीवाले हाकलत नसत, कारण त्यांनाही तो एक प्रत दे. किती हिवाळ्यांची नाटकं जमवली होती, त्यालेच माहीत.

उन्हाळ्यात आमच्याकडे ऊन असं पडते का कुत्रं बी पाण्याच्या टाक्यात जाऊन बसते. घरात कूलर एकच. त्याचं तोंड डोकऱ्याकडे. घरमालक आंगणात कडुनिंबाखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसे, अन घडीघडी आत जाऊन पेटीच्या पाठीले उलटा हात लावून पाहे, लेकराचा ताप पाहावा तसा. पाहुणा आला तरी कूलरचं तोंड फिरत नसे. बायको म्हणे, "भाऊ, बरं झालं तुमी लग्न केलं नाई. बिचारी उकडून मेली असती."

हा डोकरा बदलाचा का नाई, हा त्याचा मोठा प्रश्न. आमी राहाले गेलो त्याच्या आधीपासून चालू होता. डोकरा कवा बी बसन, कायमचा बंद पडन, हे त्यालेच सगळ्यात जास्त माहीत. तरी घेईना. उन्हाळ्यात म्हणे, पोळ्याले सूट निघते. पोळ्याले म्हणे, दिवाळीले जास्त निघते. दिवाळीले म्हणे, नवीन साल लागलं का याच्या पुढची मशीन येईन, मंग हे स्वस्त होईन. एकदा तं पिशवी घेऊन गाडीनं नागपूरले गेला. आमी सगळे स्टेशनवर घ्याले गेलो, नवी मशीन येते म्हणून. हा उतरला. हातात संत्र्याची थैली.

"मशीन कुठी आहे जी?"

"पाह्यली. चहा बी पेलो त्यायच्या दुकानात. चांगली आहे. म्हटलं, याच्या मांगून कोणती येणार? तो म्हणे, चार-सहा महिन्यात याहून चांगली. मंग मी कशाले घेऊ?"

"चार-सहा महिन्यांनी त्याच्या मांगून अजून येईन ना!"

"तेच तं," तो म्हणे, अन मले संत्रं सोलून दिलं. "आज घेणारा फसला, उद्या घेणारा हासला."

"अन कधीच न घेणारा?"

"तो तुमाले संत्रं खाऊ घालून राह्यला."

मंग माह्या बायकोचं काळीज थकलं. पाय सुजले, उंबरठा चढवेना. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटी डॉक्टरनं मले बाजूले घेतलं अन सांगितलं, घरीच ठेवा, आवडते ते करू द्या. मी समजलो. तिले बी सांगाची गरज पडली नाई. फागुनात ती गेली. मी आता ब्रह्मपुरीले पोरीकडे राहतो. इथी सगळे माह्यासंग हळू हळू बोलतात, जसं काई मीच बिमार आहो. मले ते आवडत नाई. आमच्या घरात कोणी हळू बोललं नाई कधी. शेवटच्या हिवाळ्यात तं बिलकूल नाई, अन त्याले कारण तो येडा.

तिले आवडे काय, तं नाटक. लग्न झालं तेव्हापासून एक हिवाळा सोडला नाई. ताडपत्री घेऊन पुढं बसे. मी पहिल्या अंकात घोरलो का कोपर मारे, "उठा ना, राजा मरून राह्यला!" आता खाटेवरून कशी जाणार? घरमालक एक दिवस छिन्नी-हातोडी घेऊन आला अन दोन घरांमधल्या भिंतीले भोक पाडलं. विचारलं नाई, सांगितलं नाई. भिंत त्याचीच, मी काय बोलणार. भोकातून वायर काढून डोकरा आमच्या टीव्हीले जोडला.

दुपारचं ताट समोर आलं का ती भोकाकडे तोंड करून ओरडे, "भाऊ, वाढा!"

तिकडून आवाज ये, "काय वाढू बाई? रडाचं का हासाचं?"

"आधी रडाचं. भाजी पानचट आहे, जरा मीठ पडन."

नाटक चाललं का तिचा घास चाले. दरबार भरला, एक घास. खलनायक आला, दुसरा घास, तोही रागानं. नाटक नसलं का ताट तसंच परत. मी भरवून पाह्यलं, पोरीनं येऊन भरवून पाह्यलं. तोंड फिरवून पडून राहे.

हे मले कळलं तांदळाच्या भानगडीत. झालं असं का घरमालक एका हातात भरलेला गुंड घेऊन दुसऱ्या हातानं डोकऱ्याचा ताप पाह्याले वाकला. गुंड कलला. डोकऱ्यानं एक आवाज काढला, बोकड काढते तसा, अन गप. टीव्हीवर राजकन्या तोंड उघडं ठेवून थांबली.

मोबाइल पाण्यात पडला का तांदळात ठेवतात, हे जगाले माहीत आहे. पण वडश्यासारख्या गावात कोणत्या तांदळात ठेवाचा, यावर गल्ली जमा होते. एक म्हणे, बारीक घ्या, दाना सगळीकडे घुसते. दुसरा म्हणे, घुसून काय त्याचा भात लावाचा आहे? जाडा घ्या. तिसरा म्हणे उसना, उकडून वाळवलेला. मी म्हटलं, सरका सगळे, जिंदगी पोत्याखाली गेली माही. नवा तांदूळ ओलसर राहते, जुनाच पाह्यजे. मिलच्या कोपऱ्यात एक जुनं पोतं पडून होतं, ते आणलं. डोकऱ्याले पोत्यात पुरलं अन वरून तोंड शिवलं. तो तांदळात होता तोवर बायकोचं ताट परतच येत राह्यलं. घरमालक घडीघडी पोत्यापाशी कान लावून बसे. मले म्हणे, "भाऊ, बाईनं खाल्लं का?" मी मान हालवली का पोत्यावर थाप मारे, "उठ रे बाबा."

डोकरा उठला. खरंच उठला. आमी नारळ फोडला. पण जुन्या तांदळात तांदूळ एकटा राहत नाई, सोंडे किडे बी राहतात, हे मले आठवाले पाह्यजे होतं. सोंड्यायले वाटलं, वा, काय घर भेटलं! गरम, अंधारं, पंख्याची हवा. तिथीच त्यायचा संसार झाला. काही दिवसांनी डोकऱ्याच्या एकेका भोकातून काळे सोंडे रांगेनं बाहेर. वायरीवरून चालत भिंतीच्या भोकातून आमच्याकडे. एक सोंडा टीव्हीवर चढला अन सिंहासनावर बसलेल्या राजाच्या नाकावरून गेला. नेमका तेव्हाच राजा ओरडला, "कोण आहे रे तिकडे?"

बायको हासत हासत खोकत सुटली. भोकातून ओरडली, "भाऊ! राजा सोंड्याले भेला जी!" त्या दिवशी तिनं दोन वेळा भात मागितला.

पण डोकऱ्याचे दिवस आता भरत आले होते. घुरघुर बदलली. मधातच अडकाले लागला. नागपूरचा दुकानदार फोनवर सांगे, "काका, या वेळी खरंच सांगतो, भाव उतरून नाही राहिले, चढून राहिले. आज घ्या." मशीनच्या बाबतीत तरी थांबणारा पहिल्यांदाच फसणार होता. मले वाटलं आता तं घेईन. हा घेईना. म्हणे, संक्रांत होऊ द्या. म्हणे, मले त्या दुकानदाराचा आवाज आवडत नाई.

मी चिडलो. सैपाकघरात जाऊन घिनोचीपाशी उभा राह्यलो. "कंजूस आहा का तुमी? पैसा काय संग नेता? डोकरा बसला तं सगळी नाटकं गेली. इतक्या हिवाळ्यांची!"

तो खाली पाहून म्हणे, "बसला तं बसला."

"काऊन?"

"नवा आणला तं याच्या पोटातलं सगळं त्याच्या पोटात भरा लागते. हा म्हातारा आहे, घाई केली तं मरन. हळू हळू काढा लागन. लय दिवस लागतात जी. तोवर याले दुसरं काम सांगता येत नाई." मंग आवाज बारीक करून म्हणे, "तोवर बाई जेवन का? अन तेवढे दिवस... डॉक्टर काय म्हणे? थांबू ना. नंतर घेऊ. मंग मले काई घाई नाई."

भिंतीचं भोक आमच्या दोघांच्या कमरेएवढ्या उंचीवर होतं अन पलीकडे तिची खाट. आमी दोघंही विसरलो.

"भाऊ!" भोकातून आवाज आला. "इकडे या. तुमी बी या हो, नुसते उभे काय राह्यता."

आमी दोघं गेलो, मास्तरनं बोलावलेल्या पोरांसारखे. ती उठून बसली होती.

"भाऊ, काय म्हटलं तुमी? नंतर घेऊ? कशाच्या नंतर?"

तो टीव्हीवरची धूळ पुसाले लागला.

"पोळ्याची वाट पाह्यली तुमी, दिवाळीची पाह्यली, मी काई म्हटलं नाई. आता माही वाट पाहून राह्यले का? मी मरतो कवा अन तुमी नागपूरची गाडी पकडता कवा?"

"तसं नाई बाई..."

"तसंच आहे. मी काय पोळा व्हय का, माह्या नंतर सूट निघाले? उद्या जा. माह्या डोळ्यादेखत आणा. मले पाहाची आहे नवी मशीन. ज्यानं एवढं खाऊ घातलं, तो डोकरा माह्या पाई मेला असं लोकायनं म्हणावं का?"

"अन नाटक? तेवढे दिवस?"

"ते तुमी पाहा. वाढपी बिमार पडला तं पंगत उठते का?"

तो दुसऱ्या दिवशी गेला. अन घेऊन आला. पेटी मांडीवर ठेवून आला, गाडीत कोणाले हात लावू दिला नाई. नवी मशीन अशी चूप का पंखा चालू आहे का बंद, कळे ना. तिले पाटावर बसवलं, डोकऱ्याची वायर तिले जोडली, अन डोकरा घुरघुरत, थांबत थांबत, आपलं पोट रिकामं करू लागला. आमचा टीव्ही काळा झाला.

दुपारी मी ताट ठेवलं. तिनं सवयीनं भोकाकडे पाह्यलं, पण ओरडली नाई. मी म्हटलं, झालं, आजचा घास गेला.

तेवढ्यात दार ढकललं. घरमालक आत आला. डोक्यावर टोपली उलटी घातलेली, खांद्यावर माहीच चादर, हातात सैपाकघरातला उलथना. त्या माणसाले मी कधी गाणं म्हणताना ऐकलं नाई. पोरासोरांत मिसळताना पाह्यलं नाई. तो दारात उभा राह्यला, खांबावरून खाली ओरडणाऱ्याच्या आवाजात ओरडला, "प्रधानजी! राज्यात काय चाललं आहे?"

मंग दाराच्या मांगं गेला. तिथून बारीक आवाजात बोलला, "महाराज, घात झाला." मंग उडी मारून बाहेर आला, हात जोडले, मोठ्यानं म्हणे, "महाराज, घात झाला!"

मी म्हटलं, "दोनदा काऊन?"

"पहिला प्रॉम्प्टर आहे जी," तो म्हणे, अन पुन्हा दारामांगं गेला.

अंकाअंकानं आमाले कळलं. त्याले नाटक पाठ नव्हतं, रेकॉर्डिंग पाठ होतं. कॅमेऱ्यानं जे जे घेतलं ते ते हा करे. मधात हात डोळ्यांपुढं धरून एका जागी गप उभा राह्यला. आमी वाट पाहून राह्यलो. "काय झालं जी?" "फेटेवाला कॅमेऱ्यापुढं येऊन बसला. जाईन आता." मंग एकदा राजाच्या भाषणात चार पायावर येऊन भुंकून गेला, कारण त्या गावात स्टेजवर कुत्रं आलं होतं. एकदा लाइट गेली. हा डोळे मिटून खाटेखाली बसला, तोंडानं जनरेटरचा आवाज काढला, बंद पडला, पुन्हा काढला, लाइट आली. मधातच नाक धरून ओरडे, "महिला मंडळाकडून राणीच्या गाण्याले बक्षीस!" बाजाची पेटी वाजवे तोंडानं, तबला ताटावर. तिच्याच ताटावर. "भाऊ, वरण सांडन!" ती ओरडे, अन वरण सांडू नये म्हणून पिऊन टाके.

राणी आली तेव्हा त्यानं खुंटीवरचं तिचं हिरवं लुगडं डोक्यावर घेतलं. पांढऱ्या दाढीचे खुंट, मोठे कान, अन त्यात लाजून पाहणं. गल्लीतल्या बाया खिडकीत चढल्या. रोज दुपारी आमच्याकडे जत्रा. ज्या बायकोले मी भरवो तरी तोंड उघडत नव्हती, ती तोंड मिटवत नव्हती. हासता हासता घास जाई. पाय तसेच सुजलेले, श्वास तसाच धापेचा, काई सुधारलं नाई, मी खोटं सांगणार नाई. पण जेवे.

मंग एका दुपारी तो टोपलीशिवाय आला. साध्या पायजम्यात. दारातच उभा. तोंड असं, जसं नोकरीवरून काढलं.

"बाई, झालं. सगळं भरलं. नवी चालू झाली."

"वा! लावा, लावा."

त्यानं लावलं. काय चित्र, बाप्पा! राणीच्या नाकातला मोती दिसे. आवाज साफ, घुरघुर नाई, अडकणं नाई. राणी रडून राह्यली होती. बायकोनं पाह्यलं. मन लावून पाह्यलं. घास हातातच होता. मंग म्हणे, "चांगली आहे. पैसे वाया नाई गेले. बंद करा."

"काऊन बाई? दुसरं लावू का?"

"ही नुसती रडते. तुमी या. लुगडं तिथीच आहे खुंटीवर."

तो माह्याकडे पाहे. "बाई, एवढी मशीन घेतली. तुमीच म्हटलं, उद्याच जा, थांबू नोका..."

"घेतली ना? मंग आता ते थांबन. सोन्यासारखी आहे, कित्येक साल थांबन. मी नाई थांबत. या लवकर, भात थंडा होऊन राह्यला."

त्यानं टीव्ही बंद केला. खुंटीवरून लुगडं काढलं, झटकलं, डोक्यावर घेतलं. दारामांगं गेला. बारीक आवाज आला, "नाथा, मले सोडून कुठी चालले?" मंग राणी बाहेर आली, लुगड्यात पाय अडकला, अन खाटेच्या पायापाशी पालथी पडली. पडल्या पडल्याच मोठ्यानं म्हणे, "नाथा, मले सोडून कुठी चालले!"

ती हासाले लागली. आवाज फुटे ना, नुसते खांदे हालत, डोळ्यांतून पाणी. मले भेव वाटलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, जास्त त्रास होऊ देऊ नका. मी पुढं झालो, खाटेवर वाकलो, तिच्या छातीवर हात ठेवला, म्हटलं, "बस कर वो, बस कर आता."

तिनं माहा हात झटकला अन मान लांब करून माह्या खांद्यावरून पाहू लागली.

"सरका ना हो तिकडे," म्हणे, "मले दिसून नाई राह्यलं."